ताऱ्यांच्या फोटोत मी

आमच्या घरात ताऱ्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात सर्वांत ठळक मी दिसतो.

कॉलेजच्या प्रदर्शनात माझा फोटो लागावा, एवढीच इच्छा होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भिंतीवर निदान फोटो तरी लागू दे! मामाचा साधा, रोलचा कॅमेरा मागून आणला. पहिल्या खेपेला हात हलला आणि तारे वेडेवाकडे आले. (सर म्हणाले, "फरसाण छान आलंय.") मग सुधारणा केली: कॅमेरा वाळूच्या पिशवीवर पक्का बसवला, बटणाला वायर जोडली आणि गडमुडशिंगीच्या आमच्या मळ्यात लाईट जायची वाट बघत बसलो. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"आभाळाचा फोटो? आणि माणूस कोण न्हाय त्यात?" वडिलांना, म्हणजे आबांना, ही उधळपट्टी पटेना. बघता बघता फेटा बांधून आबा, ठेवणीतली साडी नेसून आई आणि नथ घालून आबांची बहीण, आत्ती, उसाच्या कडेला हजर!

"लई वेळ लागंल. अजिबात हलायचं न्हाय!" मी बजावलं आणि शटर उघडलं. ताऱ्यांच्या रेघा उमटायला ते तासभर उघडंच ठेवायचं होतं.

"झालं का रं?" आत्तीनं विचारलं.

"न्हाय."

"डास चावतोय की!"

"चावू दे!"

"कोण हलतंय ते?" म्हणत आबा स्वतःच रांगेतून निघाले, कॅमेऱ्यामागं येऊन उभे राहिले आणि त्यांनी बॅटरी लावली! आता लग्नाकार्यात लख्खकन उजेड पडला की फोटो निघाला, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक.

"पडला बाई उजेड!" म्हणत आत्ती नथ काढत घराकडं चालू लागली. मागोमाग आई.

मी धावत कॅमेऱ्यापुढं आलो आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "आबा, बॅटरी बंद करा की!"

"काय म्हंतोस?" म्हणून आबांनी बॅटरी नीट माझ्या तोंडावर धरली.

फोटो धुऊन आला. वर ताऱ्यांच्या सुरेख रेघा. खाली हात वर केलेला, आ वासलेला मी. बाकी घर गायब! तरी सरांनी तो लावला. (दारामागं.) आबा फेटा बांधून बघायला आले आणि त्यापुढं बराच वेळ उभे राहिले. अजिबात न हलता! मग म्हणाले, "आभाळाला हात लावला पोरानं."

आता तो फोटो सोप्यात, घराच्या दर्शनी खोलीत टांगलाय. परवा मुलीकडून मला बघायला आलेल्या पावण्यांनी आधी फोटो बघितला, मग मला, आणि आबांना हळूच विचारलं, "आता मिटतंय न्हवं तोंड?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि फोटोतल्यासारखाच आ वासून बसलो!