शेंगदाण्यांची पाच विमानं

मी आयुष्यात विमानात बसलेली नाही. विमानतळ पाहिला तो बाहेरून, काचेला नाक लावून. तरी एका विमान कंपनीने काय करावं यावर मी सल्ला देऊन बसले, तोही न अडखळता, शेंगदाणे खात खात. मूर्खपणा मी पुष्कळ केला आहे आणि बाकीचा हसून सांगता येतो. हा सांगताना हसू अर्ध्यातच थांबतं.

तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. आज शहात्तर पुरी झाली, म्हणून त्या बाईकडे जरा लांबून बघता येतं. तोंडात अर्धे दात, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि जगातलं सगळं आपल्या बागेत कळतं अशी ताठ मान. समोर असती तर कान धरला असता तिचा.

आमची संत्र्याची बाग सौंसरला. मुलगा सरकारी नोकरीत. दर दोन-तीन वर्षांनी बदली, म्हणून त्याने आपली मुलगी तिसरीपासून माझ्याजवळ ठेवली. ती माझ्याच हाताने वाढली. पुढे नागपूरला शिकली आणि तिथेच एका लहानशा विमान कंपनीत लागली. काम काय, तर विमानांचं वेळापत्रक मांडायचं. कोणतं विमान किती वाजता कुठे जाईल, रात्री कोणत्या गावी झोपेल, सगळं हिच्या कागदावर. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यांना वाटे की पोरगी विमानात चहा देते. मी त्यांना सांगत असे, चहा देणारे वेगळे, हिने हो म्हटल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. एक वर्षभर तर ती विमान चालवते असंच मी सांगितलं होतं. एवढं खोटं आजीला माफ असावं.

दर पंधरा दिवसांनी ती शनिवारच्या बसने यायची. शनिवारची बस म्हणजे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेल्यांनी भरलेली. पोरीला उभं राहायला जागा नसे, आणि कोणाचा तरी नारळ हातात धरून ती सौंसरपर्यंत येई. उतरण्याच्या घाईत एकदा तो नारळ तिच्याजवळच राहिला. तो आम्ही खाल्ला नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन मारुतीला पोचवला.

त्या शनिवारी ती आली ती फाइल घेऊन. मी अंगणात शेंगा फोडत होते. ती चपलांसकट माझ्याजवळ बसली, सूप पुढे ओढलं आणि त्यात पाच दाणे वेगळे मांडले.

"आजी, हे आमचे पाच विमानं. रात्री नागपूरले झोपतात, सकाळी उठून जातात. सकाळी-संध्याकाळी भरून जातात, पण दुपारी नागपूरहून कोणी जाऊन नाही राहिलं. मंग दोन विमानं उन्हात उभी."

उभं विमान कंपनीला खातं, असं तिने समजावून सांगितलं. कंपनी आजारी होती आणि मालकांपुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे नागपूरचा मुक्काम उठवून समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात न्यायचा, जिथे विमानं दिवसभर उडत राहतील. दुसरी म्हणजे आपल्याहून मोठ्या कंपनीत स्वतःला मिसळून टाकायचं. हिच्यावर एक वयस्कर साहेब होते. त्यांना ती सर म्हणे. वेळापत्रकाचं काम त्यांनीच तिला बोट धरून शिकवलं होतं. त्यांनी सांगितलं, तुझं डोकं माझ्यापेक्षा साफ चालतं, दोन पानांत लिही काय बरं, मी तेच मालकांपुढे ठेवतो. मुक्काम हलला तर वेळापत्रकाच्या बाराही जणांना तिकडे जागा मिळणार होती. ही तिथली मुख्य होणार होती.

हे शेवटचं वाक्य ती हळू बोलली. मी ऐकलं. ऐकून एक विमान उचललं आणि खाऊन टाकलं.

ती हसली. "चार राहिले आता. सांग न आजी, तू काय म्हणते?"

खरं म्हणजे मला विमानांचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की समुद्राकाठच्या त्या गावाला सौंसरहून बस जात नाही. तिथून पोरगी वर्षातून एकदा येईल, दिवाळीला, ते पण सुट्टी मिळाली तर. पण हे म्हणायची सोय नव्हती. मग त्या एकाहत्तर वर्षांच्या बाईने काय केलं, तर पदर खोचला आणि शेतकीची मास्तरीण झाली.

म्हटलं, बाई, फळावर आलेलं झाड उपटून दुसऱ्या रानात लावलेलं तू कधी पाहिलं का? मरतं ते. आपलं संत्र्याचं झाड कसं होतं ते पाह्य. खाली जंबेरी लिंबाचा खुंट असतो, आंबट, काटेरी, कोणी विचारत नाही त्याला. त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा भरायचा, पट्टी बांधायची. दोघं जीव लावून एक होतात आणि वीस-वीस वर्षं फळ देतात. तुमच्या कंपनीनं तेच करावं. मोठ्याशी जुळावं, जागेवर राहावं.

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, काय बोलले मी! आतून अशी फुगले होते म्हणून सांगू. तिने फाइलच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं. मग सुपातले चारही दाणे एकेक करून शेंगांच्या ढिगात परत टाकले आणि आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होती.

आता जे मी तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

भरलेला डोळा जगला की खालच्या खुंटाला सुद्धा फूट येते. जोडाच्या खाली, बुडाशी, हिरवीगार, चांगली जोमदार. ती ठेवायची नसते. ठेवली तर वरच्याचं अन्न ती खाते. म्हणून दर पावसाळ्यात बागेत वाकून फिरायचं आणि खालची फूट अंगठ्याने पुसून टाकायची. कोवळी असताना कात्रीसुद्धा लागत नाही, नुसता अंगठा. हे काम लग्न झाल्यापासून मी करते आहे. माझ्या उजव्या अंगठ्याला त्याचा घट्टा आहे. त्या दिवशी शेंगा फोडताना तोच अंगठा पोरीच्या डोळ्यासमोर नाचवत होते, आणि जोडाखालच्यांचं काय होतं हे मला पक्कं माहीत असून मी बोलले नाही.

तिने लिहून दिलं. जुळावं म्हणून. सरांनी ते तसंच पुढे ठेवलं.

काही महिन्यांनी दोन कंपन्यांची एक झाली. विमानांवर नवा रंग चढला. नागपूरहून विमानं तशीच उडत होती, ते मी पेढे वाटून सांगितलं. पण मोठ्या कंपनीचं वेळापत्रक त्यांच्या मुख्य कचेरीत आधीपासून मांडलं जात होतं. तिथे माणसं होती. हे बारा जण त्यांना कशाला हवे होते? बाराही जणांना एकाच दिवशी पत्र मिळालं. सरांचं वय नवीन नोकरी मिळण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी हिला फोन केला तेव्हा ती माझ्याजवळच होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, तू तुझ्या बुद्धीला पटलं ते प्रामाणिकपणे लिहिलंस, मनाला लावून घेऊ नको बेटा. फोन ठेवून ती भिंतीला टेकून बसली ती जेवायलासुद्धा उठली नाही. माझीही उठ म्हणायची हिंमत झाली नाही.

मुलगा मला म्हणतो, आई, कंपन्या तुझ्या शेंगदाण्यांवर चालत नसतात, मालकांनी आधीच ठरवलं असेल. असेलही. मला तेवढं कळतं. पण त्या दोन पानांमागे माझा काय मतलब होता हे त्याला ठाऊक नाही.

मुलाची शेवटची बदली पांढुर्ण्याला झाली. तिथेच त्याने घर बांधलं. पोरगी आता त्याच्याकडे असते आणि एका शिकवणी वर्गात दहावीच्या मुलांना गणित शिकवते. दुसऱ्या विमान कंपन्यांत अर्ज कर म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, तिने केला नाही. सौंसरहून पांढुर्णा एका बसच्या अंतरावर. म्हणजे मला हवं होतं तेच मिळालं, उलट नागपूरपेक्षाही जवळ. ती येते, पाया पडते, मी वाढलेलं निमूट जेवते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. पूर्वी वरून विमानाचा आवाज आला की जेवता जेवता घड्याळ बघायची आणि सांगायची, हे अमुक ठिकाणचं, आज दहा मिनिटं उशीर आहे. आता आवाज आला की ती भाजी मागते.

या पावसाळ्यात बागेत वाकले होते. एका झाडाच्या बुडाशी चांगली वीतभर फूट आलेली. अंगठा लावला आणि तो पुढे जाईना. तशीच उठले, पांढुर्ण्याची बस धरली.

ती ओसरीत वह्या तपासत होती. लाल पेन हातात. मी समोर खाटेवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खालची फूट पुसून टाकतात हे मले माहीत होतं. तू दूर जाशील म्हणून मी बोलली नाही. तू माझ्यावर भरोसा ठेवला न मी आपला मतलब पाहिला. तुले काय बोलाचं ते बोल, पण बोल.

तिने पेनचं टोपण लावलं. वह्यांची चळत नीट केली. मला वाटलं, रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्ही चाललं असतं मला. ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या पायाला लागलेला बागेतला चिखल नखाने काढत राहिली. मग खालीच बघत म्हणाली,

"आजी, झाडाचं मले पण माहीत होतं. तुझ्यासंगच तर पुसत होती मी लहानपणी. त्या दिवशी मी कंपनीचं विचाराले आलीच नव्हती. घरचे बाकी सगळे 'जाऊ नको, राह्य' म्हणत होते, तू तरी 'जा' म्हणशील म्हणून आली होती."