पोचेपर्यंत झाडायचं नाही

लातुरात मी वीस वर्षं फिजिक्सचे क्लास घेतोय. भूत, सावट, बाहेरची बाधा... असलं काही सांगणाऱ्या पोरांची मी भर वर्गात फिरकी घेतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. तरी लिहितो, कारण सांगायला घरात कुणी नाही.

घरातून कुणी गावाला निघालं की लगेच झाडू नये, हे तुम्ही ऐकलं असेल. माझी बायको सुमन ते फारच पाळायची. भूकंपाच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ गणपती बुडवायला आमच्याकडून औशाकडे, त्याच्या गावी गेला आणि हिनं त्याच्यामागं लगेच घर झाडून काढलं. पहाटे गाव पडलं, त्यात तो गेला. तेव्हापासून माणूस पोचल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे केरसुणी हलायची नाही. मी तिला भूगर्भ समजावून सांगायचो. ती म्हणायची, "तुमचं गणित तुमच्यापाशी ठिवा. माणूस पोचलं की झाडते."

ती गेल्यावर वर्षभरानं आमचा एकुलता एक प्रसाद शिकायला न्यूयॉर्कला निघाला. हैदराबादहून सकाळी अकराचं विमान. विमानतळावर येऊ नका म्हणाला, म्हणून गेलो नाही. कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला – अंतर साधारण तेरा हजार किलोमीटर. दुबईपर्यंत चार तास, तिथे सहा तास थांबायचं, पुढे चौदा. म्हणजे दुसऱ्या दिवशी अकराला पोचणार. घरभर सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्रं, शेंगांची टरफलं पडली होती. झाडायला हात काही उचलेना.

दुसऱ्या दिवशी साडेसहाची बॅच घेऊन पावणेनऊला आलो, कुलूप उघडलं आणि दारातच थबकलो. घर लख्ख झाडलेलं. केर उंबऱ्याच्या आत गोळा केलेला, शेजारी केरसुणी आडवी. सुमन अशीच ठेवायची. मी ती खिळ्याला टांगतो.

पोरगं अजून हवेत आहे, दोन तास बाकी आहेत आणि घर झाडलं गेलं! मी, एम.एस्सी. फिजिक्स, खाली बसलो आणि तो केर दोन्ही हातांनी परत घरभर पसरू लागलो.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पोचलो. दुबईत आधीच्या विमानात जागा मिळाली. उतरून दीड तास झाला, आत्ता बाहेर आलो. तुम्ही काय करताय?"

"झाडतोय," म्हटलं आणि रडूच कोसळलं.

किल्ली एकच, ती माझ्या खिशात. कामाला बाई नाही. समोरचे टेलरचाचा सकाळपासून दुकानात होते. ते म्हणाले, "सर, कुलूप लागलेलंच हाय. कुणी आलं न्हाई." चोर आला म्हणावं, तर चोर घर झाडून जात नाही.

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. त्यानंतर प्रसाद दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो परत तिकडे पोचल्याचा फोन आल्यावरही मी आठ-आठ दिवस घर न झाडता तसंच ठेवलं. क्लासवरून आलो की कुलूप जरा हळूच उघडायचो.

शेवटी मीच झाडलं.