क्रिबवाले अंकल आणि बैलाचा प्रश्न

आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमध्ये एक अंकल आहेत, नाताळला खाली क्रिब, म्हणजे बाळ येशूचा गोठा, तेच बांधतात. मूळचे उरणकडचे. हात चालू असताना तोंडही चालू, आणि विषय एकच, पद सोडून निवृत्त झालेले ते पोप! जणू ते शेजारच्या विंगमध्येच राहायचे. "म्हातारा लय वाचायचा गो बाय!"

यंदा मी बायबलमधलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, पहिल्यांदा नीट वाचलं आणि हादरलेच. येशूच्या जन्माच्या गोष्टीत आमच्या क्रिबमधला बैल नाही, गाढव नाही! मग बाकीचं तरी खरं का? माझी श्रद्धाच जाते की काय, असं वाटलं. घाबरत अंकलना विचारलं, तर ते चक्क खूश!

"नायच हाय! पोपनीपन तेच लिवलंय. पन म्हनाले, गोठ्यातून काढू नका त्यांना. जुन्या करारात यशयाचं पुस्तक वाच. बैल, गाढव धन्याला वलखतात, मानूसच नाय वलखत. तिथून आले ते. इतिहासपन बघायचा, श्रद्धेनंपन वाचायचं. दोन डोले कशाला दिलेत?"

"म्हणजे प्रश्न विचारलेले चालतात?"

"न इचारून कसं चालंल?"

नाताळच्या संध्याकाळी मुलांना गोष्ट सांगायची वेळ आली, तर दरवर्षी सांगणारे अंकल स्वतःच सतरंजीवर मुलांमध्ये जाऊन बसले. "या वर्षी ही सांगंल."

मी थेट बैलापासूनच सुरुवात केली. एका चिमुरडीने लगेच हात वर केला, "ताई, बाळाला बघायला आलेल्या मेंढपाळांना गोठा कसा सापडला?"

मला पटकन आठवेना. पण भीती नाही वाटली! "ये, वाचून बघू," म्हटलं, आणि बायबल उघडलं.