तेवढ्या हाताची भूल

आमच्या धंद्याचं नावच गमतीचं. भूल. पेशंटला दिली तर कौशल्य, आपल्या हातून झाली तर कोर्ट. नाशिकच्या ज्या दवाखान्यात मी भूलतज्ज्ञ होते, तिथले सर्जन हे मला रोज ऐकवायचे आणि रोज स्वतःच हसायचे.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. लहान मुलांना पूर्ण झोपवण्याऐवजी हलकी गुंगी द्यायची आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नस बघत तेवढाच हात किंवा पाय बधिर करायचा, हे मी नुकतंच शिकून आले होते. मशीनही आलं होतं. पण गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे त्याच्यावर इतकी बंधनं, की ठरलेल्या खोलीबाहेर ते हलवायची सोय नव्हती. मी चिडायचे. पोराच्या काखेत कुणी मुलगा-मुलगी बघतं का, असं भेटेल त्याला विचारायचे.

अशातच सटाण्याकडची एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा हात कधीतरी उकळत्या दुधात गेला होता आणि जखम भरताना बोटं तळहाताला चिकटली होती. ती सोडवायची होती. पण पोरीची छाती सारखी कफाने भरायची. तिला पूर्ण भूल देणं मला धोक्याचं वाटत होतं. तेवढा हात बधिर केला तर काम भागणार होतं. मी आईला सगळं समजावलं. ती मान डोलावत होती. "सोनोग्राफी करून इंजेक्शन देऊ," असं म्हटलं मात्र, तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"सोनोग्राफी नको, ताई. राहू द्या तिना हात तसाच."

मला रागच आला. मशीनची भीती वाटत असेल म्हणून मी माझी ठरलेली वाक्यं म्हणून दाखवली. तिने ती ऐकून घेतली आणि खाली बघत म्हणाली, "हिना आधी एक व्हती. पोटमां. मशीनवर देखी, आंडेर शे म्हणे. मंग राहू दिधी नही."

त्यांच्याकडे मुलीला आंडेर म्हणतात. ज्या कायद्याला मी उठसूट शिव्या घालत होते, तो कशासाठी केला होता ते माझ्यासमोर उभं होतं.

शेवटी मी तिला मशीनच्या खोलीत नेलं आणि माझ्याच दंडावर ते लावून दाखवलं. "ही नस. हिच्याभोवती औषध सोडलं की हाताला कळत नाही. दुसरं काही कुणी बघणार नाही."

"मी उभी राहू का?" तिने विचारलं. मी राहू दिलं. गुंगीतल्या पोरीच्या काखेत मी सुई घातली, वाफ्यात पाणी पसरावं तसं औषध नसेभोवती पसरलं, आणि तिची आई पडद्यावरची नजर न हलवता उभी होती.

ऑपरेशन नीट झालं. पोरगी आईच्या मांडीवर जागी झाली आणि बँडेजला चाचपत म्हणाली, "आई, मना हात कोठे गया?"

"शे ना. झोपेल शे."

पोरगी रडत नव्हती. आईला त्याचंच नवल वाटत होतं. "दुखत नही का तिले?"

"नाही. संध्याकाळपर्यंत तरी नाही."

मी निघाले तेव्हा तिने मला थांबवलं. "ताई, ती पहिली काढी, त्या टाइमले भूल दिधी व्हई का?"

"तुम्हाला? दिलीच असणार."

"मले दिधी व्हती. तिले?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. मी हो म्हणाले.

तिने मुलीच्या बँडेजवरून हळूच हात फिरवला. "नक्की ना?"

मी पुन्हा हो म्हणाले.