भिंतीवरची वाकळ

धाकट्या भावाने जुळे सोलापुरात बंगला बांधला आणि त्याला पर्यावरणाचा पुळका आला. मातीचा गिलावा, बांबूचे दिवे, तागाचे पडदे. एसी मात्र प्रत्येक खोलीत. सजावट करणाऱ्या बाई पुण्याहून यायच्या. सोलापुरी चादर त्यांना फार कॉमन वाटली, त्यांना काहीतरी अस्सल हवं होतं. म्हणून भावाने सांगोल्याला जाऊन आईची वाकळ मागून आणली.

आजी गेली त्या वर्षी आईने तिच्याच लुगड्यांची ही वाकळ शिवली होती. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवला होता. वाकळेचं पोट रिकामं राहिलं तर घरातलं माणूस उपाशी राहतं, असं आमच्याकडे मानतात. आम्ही दोघं भावंडं तिच्याखालीच वाढलो. लेक पांघरेल या समजुतीने आईने ती काढून दिली. आता आईही त्याच्याकडे कायमची राहायला यायची होती. शेळ्यासुद्धा तिने शेजारणीला देऊन टाकल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी एसटी स्टँडवरून मीच तिला घेऊन गेले. दारात तिने चपला काढल्या, पाय उचलला आणि तशीच थांबली. खाली पायपुसणं होतं. आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ तिने माझ्याआधी ओळखला.

"काहीच वाया घालवलं नाही, आई," भाऊ कौतुकाने सांगू लागला. "फ्रेममध्ये बसेना, म्हणून कडा कापल्या. त्याचंच हे केलं."

समोर हॉलमध्ये उरलेली वाकळ काचेमागे टांगली होती. वर खास दिवा सोडला होता.

आईने वाकून पायपुसण्याचा कोपरा चाचपला. "ह्यातला घास कुटं गेला रं?"

"कसला घास?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. पाहुण्यांमुळे दिली नाही, त्याचाच अजून राग येतो.

आईने पायपुसणं उचललं, झटकलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. "माज्या आईच्या अंगावर पाय देऊन मी आत यायची न्हाय," म्हणाली आणि चपला घातल्या. जेवलीही नाही. भाऊ मागे आला नाही. आत गुरुजी पूजेला हाक मारत होते.

परवा त्याचा फोन आला. "ताई, काथ्याचं पायपुसणं आणलंय. एकदम इको-फ्रेंडली. आईला सांग, ये म्हणावं आता." मी फोन ठेवून दिला आणि सांगोल्याची गाडी धरली.

आई उंबऱ्याशी बसली होती. शेजारणीकडून एक शेळी परत आणून दारात बांधली होती. मांडीवर तेच पायपुसणं. कोपरा उसवून तिने आत भाकरीचा तुकडा सारला आणि टाके घालू लागली.

"आता ह्याचा काय उपयोग?" मी चिडून विचारलं.

"वाकळ त्याच्या घरात हाय की. त्यो उपाशी ऱ्हायला नको."

मी तोंड फिरवलं. माझं मन एवढं मोठं नाही.