घंटा मुकी होती त्या शनिवारी

खरं सांगायचं तर या फादरांवर माझा जीव कधी जडला नव्हता. दिंद्रुडजवळच्या आमच्या वस्तीवर ते तिघे राहायला आले आणि जुन्या रीतीची लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाली. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आमच्याकडे पाठ, आणि मध्येच बराच वेळ सगळं चिडीचूप. शेजारणी चेष्टा करायच्या, की तुमचे फादर तुमच्यावरच रुसलेत का काय. मला ती शांतता खायला उठायची. देव ऐकतो की नाही, तेच कळायचं नाही.

त्या वर्षी दुष्काळानं ऊस वाळला, सहकारी कारखाना बंद पडला आणि माझे मालक मिळेल त्या मजुरीला जाऊ लागले. ईस्टरच्या आदल्या दिवशी ते चर्चच्या विहिरीतला गाळ काढायला उतरले. त्या रात्री पाण्याला आशीर्वाद देतात, ते तरी टँकरचं नको, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. दुपारी विहिरीची कड ढासळली. बाकीचे वर आले, मालक आले नाहीत.

मी काठावर ओरडत होते. सोसायटीची यारी, म्हणजे गाळ वर ओढणारं यंत्र, धडधडत उगवतीकडचा ढिगारा उपसत होती, आणि जो तो वेगळीच जागा दाखवत होता. प्रार्थना म्हणावी तर 'हे प्रभू' एवढंही माझ्या तोंडातून फुटेना. तेवढ्यात थोरले फादर धावत आले. पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत आमची घंटा मुकी असते. तिच्याऐवजी लाकडी ठोकळा खटखट वाजवून माणसं बोलावतात. तो त्यांच्या हातातच होता.

"यंत्र बंद करा. कोणी बोलू नका," ते म्हणाले.

आमच्याकडे पाठ करून ते काठावर उभे राहिले, ठोकळा वाजवला आणि थांबले, मिस्सेत थांबतात तसेच. काहीच ऐकू आलं नाही तर? त्या शांततेत मी जेवढी भ्याले, तेवढी जन्मात भ्याले नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. मग खालून, मावळतीच्या बाजूनं, घमेल्यावर दगड आपटल्याचा आवाज आला.

माझे दीर पालथे पडून ऐकत होते. "वैनी, भाऊ हाय," ते म्हणाले. "कपारीत हाय. जित्ता हाय."

दिवस मावळायच्या आत मालकांना वर काढलं. पाय मोडला होता, बाकी धड होते. हा चमत्कार होता की नाही, ते मी ठरवणार नाही.

मिस्सेत शांतता झाली की मला अजूनही भीती वाटते. फादर पाठमोरे असतात, पण ते रुसलेत असं आता वाटत नाही. त्या दिवशीसारखे आमच्या पुढं उभे राहून आमच्यासाठीच ऐकताहेत, असं वाटतं. मग मीही सगळं देवावर सोपवते आणि गप्प राहते. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला मालकांची काठी फरशीवर टेकते, टक.