ताटलीएवढा डाग

टेनिसमधलं मला एवढंच कळतं की चेंडू जाळीपलीकडे गेला पाहिजे आणि पलीकडच्याला तो परत देता येऊ नये. बाकी पंधरा, तीस, चाळीस हे आकडे कुठल्या पाढ्यात बसतात ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. पंधरानंतर तीस, ठीक. मग पंचेचाळीस यायला हवेत की नाही? आमच्या गावच्या शाळेत मी तीसनंतर चाळीस म्हटलं असतं तर गुरुजींनी ओली छडी मागवली असती. पण बाकावर बसून माणसं बघायला मला आवडतात, आणि नातीच्या शिबिरात बघण्यासारखा एक माणूस होता. त्याची गोष्ट सांगतो.

आमच्या नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी नसते. वय वर्षं तेरा. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीला, मी रिकामा, म्हणून सुट्टीतल्या टेनिसच्या शिबिराला तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मी मान पुढे करूनच बसलो होतो. सकाळी सातला आम्ही हजर. मैदानाला तारेचं कुंपण, आत दोन कोर्टं, एक शेड, पाण्याची टाकी आणि माझा बाक.

शिबिराचे सर एकसष्ट वर्षांचे. डोक्यावर केस नाही, पण मला आजोबा म्हणायचे. मी म्हटलं, "अहो सर, आपल्यात तेरा वर्षांचं तर अंतर." तर म्हणाले, "मुलं म्हणतात, मीही म्हणतो. शिबिरात एकच नियम सगळ्यांना." मुलं त्यांना टोपलीसर म्हणायची. चाकांची एक तारेची टोपली, तिच्यात साठ-बासष्ट चेंडू, ती ढकलत ते जाळीपाशी यायचे आणि खांबाशेजारी उभे राहायचे. तिथं त्यांच्या दोन पावलांच्या जागा जमिनीत घासून गेल्या होत्या. जणू कुणी बूट काढून ठेवलेत. मग खालून हात फिरवून एकेक चेंडू टाकायचे. पलीकडे मुलांची रांग. एक चेंडू, एक फटका, रांगेच्या मागे जा.

आता त्या चेंडूविषयी सांगितलंच पाहिजे. तो जाळीवरून वीतभर उंचीनं जायचा, नेमका एका ठिकाणी पडायचा आणि कंबरेएवढा उसळून मुलांपुढे यायचा, पाळलेल्या मांजरासारखा. दिवसाला हजार चेंडू, सव्वीस वर्षं. कोर्टाचा हिरवा रंग त्या एका ठिकाणी उडून खालचं करडं सिमेंट दिसत होतं. ताटलीएवढा गोल डाग. चार वर्षांपूर्वी नवा रंग दिला, तो परत तिथंच उडाला. सर नव्या आलेल्या पालकांना आधी तो डाग दाखवायचे.

ताटलीएवढा मी उगाच म्हणत नाही. थर्मासमधला चहा अर्धा-अर्धा करताना त्यांनीच सांगितलं होतं. लग्नानंतर त्यांनी घरामागच्या अंगणात जेवणाची एक ताटली ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्यावर चेंडू टाकायचा सराव सुरू केला. दोन वर्षं. बायको शेजारणीला सांगायची, "माझ्याकडे असं बघितलं असतं तर मी ताटलीतून जेवायलाही घातलं असतं."

"पण एवढा हट्ट कशासाठी, सर?" मी विचारलं.

"माझे मास्तर खुर्चीत बसून पेपर वाचत चेंडू फेकायचे. कुठेही. एकदा मी सलग अकरा चुकवले. तर पेपर खाली न घेता म्हणाले, तुझ्यापेक्षा ही जाळी बरी, ती निदान चेंडू अडवते." सरांनी कपातला गाळ झटकला. "त्या दिवशी ठरवलं. मी शिकवीन तेव्हा मुलांना मारता येईल असाच चेंडू देईन."

आणि शब्द पाळला माणसानं. इतका, की चुकून एखादा चेंडू डागाबाहेर पडलाच तर ते लगेच हात वर करायचे, "माझी चूक. हा मोजू नका." मग मुलं तो सोडून द्यायची आणि दुसऱ्याची वाट बघायची. हा शिबिराचा रिवाजच होता. मला फार आवडायचा. म्हातारा माणूस पोरांसमोर हात वर करून चूक कबूल करतो, हे आमच्या वेळी कुठलं?

मुलांचे फटके असे देखणे की रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणाशी थांबायची. फक्त एक होतं. सव्वीस वर्षांत त्यांचं एकही मूल कुठल्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलं नव्हतं. कधी ऊन आडवं आलं, कधी वारा, कधी पंच. नशीब, असं सर म्हणायचे. दरवर्षी मोठ्या केंद्रातून एक बाई निवड करायला यायच्या. त्या केंद्रात मुलांना ठेवून घेतात, शिकवतात, खेळायला देशभर पाठवतात. सरांकडून तिथं आजवर एकही गेलं नव्हतं. आणि हे त्यांचं शेवटचं शिबिर. पुढच्या सुट्टीत नवा माणूस येणार, असं मैदान चालवणाऱ्या क्लबनं कळवून टाकलं होतं.

"एक गेलं असतं ना आजोबा," ते मला म्हणाले होते, "तर बाकीच्या सगळ्यांचं सार्थक झालं असतं. तुमची भिंगरी जाईल. तिचा बॅकहँड बघितलात?"

मी बघितला होता. मला वाटलं, जाईल.

बाई आल्या त्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, एका पायानं किंचित लंगडणाऱ्या. बरोबर दुसऱ्या शिबिरातली एक मुलगी. काय तिचा तो फटका! झाडू मारल्यासारखा. भिंगरीनं मला डोळा मारला. मीही बाकावर ऐसपैस बसलो.

आधी टोपली झाली. भिंगरीनं बासष्टपैकी बासष्ट मारले. बाईंच्या भुवया वर गेल्या. सरांचा चेहरा तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरच्या बापासारखा झाला होता. मग बाई म्हणाल्या, "आता हिच्याशी एक सेट खेळ."

झाडूवालीनं पहिलाच चेंडू असा परतवला की तो जाळीला घासून जेमतेम पलीकडे टपकला. भिंगरी जागेवर उभी. चेंडू दोनदा आपटून थांबला, तरी ही त्या मुलीकडे बघतेय. मला क्षणात कळलं. ती त्या मुलीनं हात वर करून माझी चूक म्हणायची वाट बघत होती.

पुढचा उंच आला, ही उभी. पुढचा पायापाशी आला, ही दचकून मागे. कधीमधी एखादा चेंडू चुकून कंबरेएवढा यायचा, तो ही असा मारायची की झाडूवाली टाळ्या वाजवायची. पण असे चेंडू कोण कशाला देईल? सहा-एक. वीस मिनिटांत खेळ खलास.

बाई कोर्टात गेल्या आणि त्या डागापाशी थांबल्या. "हे काय आहे, सर?"

सरांनी सांगितलं. सव्वीस वर्षं, हजार चेंडू, सगळं. अभिमानानं सांगितलं. बाईंनी बुटाच्या टोकानं डागाची कड चाचपली. बराच वेळ.

"सगळे इथंच?" त्या म्हणाल्या.

"सगळे."

"दुसरीकडे कधीच नाही?"

सर हसत होते. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यामागचा माणूस तेवढा निघून गेला, असं मला दिसलं.

मला एकदम आमची शाळा आठवली. गुरुजींनी आम्हाला साताचा पाढा असा घोटून घेतला होता की गुरांनाही पाठ झाला असेल. एकदा तपासणीला साहेब आले. मला उभं केलं. "सात सक किती?" मी सुरू केलं, "सात एके सात, सात दुणे चौदा..." साहेब म्हणाले, "मी सक विचारलं." मी म्हटलं, "तिकडेच चाललोय साहेब." सगळा वर्ग तसाच निघाला, वाटेत उतरायचं कुणाला माहीतच नव्हतं. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. ही गोष्ट मी पन्नास वर्षं हसवायला सांगत आलोय. त्या सकाळी पहिल्यांदा मला गुरुजींची पाठ दिसली.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मी चारपर्यंत आहे. हिला आणखी एक सेट देते. तोवर वेडेवाकडे चेंडू टाका हिला."

साडेअकरा वाजले होते. सरांनी टोपली ढकलत आणली, त्या दोन पावलांत उभे राहिले आणि पहिला वेडावाकडा चेंडू टाकला. तो डागावर पडला. भिंगरीनं झकास मारला.

सरांनी दुसरा टाकला. डागावर.

मग डोळे मिटून टाकला. डागावर! रांगेतली मुलं हसली, त्यांना वाटलं सर गंमत करतायत. सर त्या पावलांतून बाहेर आले, चार हात बाजूला उभे राहिले. दोन चेंडू इकडेतिकडे पडले, तिसऱ्यापासून हाताला वाट सापडली आणि परत डाग. शेवटी डाव्या हातानं टाकला. तो कुठल्या कुठे गेला. भिंगरी हलली नाही. "तो खराब होता सर, दुसरा टाका."

"तोच मारायचा, बाळा."

"पण तो मोजायचा नसतो ना?"

सरांनी हातातला चेंडू टोपलीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही टाका. तुम्हाला येत नाही ना?"

माझ्या आयुष्यात अडाणीपणाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. मी धोतर खोचून उभा राहिलो. पहिला चेंडू कुंपणाला, दुसरा भिंगरीच्या गुडघ्याला, तिसरा माझ्याच डोक्यावर. तीन तास टाकले. मध्ये तिनं डबा खाल्ला तेवढंच. ती रडकुंडीला आली. "आजोबा, नीट टाका ना."

"नीट टाकायचंच नाहीये गं बाई."

सर तिच्या शेजारी उभे राहून सांगत होते, धाव, वाक, मागे हो. घशाला कोरड पडेपर्यंत. तीनच्या सुमाराला तीसपैकी पाच चेंडू ती परत द्यायला लागली. ते फटके देखणे नव्हते, झाडूच्या जातीचे होते. पण जात होते. सरांनी रुमालानं मान पुसली. "येतंय आजोबा. वेळ असता तर..."

चारला सेट झाला. या वेळी भिंगरी धावली, पडली, कोपर सोलून घेतलं. सहा-दोन. म्हणजे सकाळपेक्षा एक गेम जास्त. तीन तासांचा तेवढाच हिशेब.

बाईंनी तिच्या कोपराला स्वतःच्या पेटीतली पट्टी लावली. मग सरांकडे आल्या. "हात फार सुंदर आहे मुलीचा."

"हो."

"नऊ-दहा वर्षांची असती तर घेतली असती. आता जे बसलंय ते काढायला चार वर्षं जातील. तेवढी नसतात, सर."

तेव्हा सरांनी हात वर केला. नेहमीसारखाच, खांद्याच्या वर, तळवा पुढे. "माझी चूक आहे, मॅडम. हा मोजू नका."

झाडूवाली गाडीत जाऊन बसली होती, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती.

"मोजावा लागतो, सर," बाई म्हणाल्या, आणि किंचित लंगडत निघून गेल्या.

मुलं पांगली. सर कोर्टभर विखुरलेले चेंडू गोळा करू लागले. मी मदतीला वाकलो, तर म्हणाले, "राहू द्या आजोबा, तुमची कंबर." कुंपणापर्यंत गेलेले माझे चेंडू वेचायला त्यांना फार वेळ लागला. एकेक उचलून, पुसून टोपलीत टाकत होते.

भिंगरी शेडमधून तोंड धुऊन आली. डोळे लाल. मला वाटलं, घरी चला म्हणेल. ती माझ्यासमोरून गेली आणि बेसलाइनवर जाऊन उभी राहिली.

"सर, एक टोपली टाका ना. तुमची."

"नको बाळा. त्यानं नुकसान होतं."

"आता काय व्हायचंय?"

सर टोपली ढकलत जाळीपाशी आले, त्या दोन पावलांत उभे राहिले आणि खालून हात फिरवला.

एकसष्ट चेंडू होते, एक हरवला होता. सगळे डागावर पडले. तिनं सगळे मारले, एकही चुकला नाही. रस्त्यानं जाणारी दोन माणसं कुंपणाशी थांबली. त्यातला एकजण मला म्हणाला, "मोठी होणार हो ही पोरगी."

मी बाकावर बसून बघत होतो. बघायला छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू?